गोडलिंबाच्या कुंडीतले पाहुणे

(दृश्य: ओस पडलेली गल्ली, कुलरचा आवाज)

नागपूरचा मे महिना. पारा ४५च्या आसपास, गल्लीत चिटपाखरू नाही. घरात मात्र सुट्टी लागलेली दोन पोरं. विदर्भातल्या शाळा उघडतात थेट जूनच्या अखेरीला. एवढे दिवस मोबाइलशिवाय काढायचे कसे, हे या घरात एका कुंडीने ठरवलं. कुंडी गोडलिंबाची. पुण्या-मुंबईकडे याला कढीपत्ता म्हणतात.

(दृश्य: कोवळ्या पानावरचं अंडं, अगदी जवळून)

हा पिवळसर मणी दिसला? जेमतेम एक मिलिमीटरचा. हे फुलपाखराचं अंडं. फुलपाखराला चव कळते ती पायांनी. मादी पानावर पाय वाजवून बघते, झाड लिंबाच्या गोतावळ्यातलं आहे याची खात्री करते, अंडं घालते आणि उडते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. तिचं पहिलं जेवण म्हणजे स्वतःच्याच अंड्याचं टरफल.

आणि मग ही अळी. काळपट, मधे पांढरा डाग. थोरलीने पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती फडकं घेऊन आली होती. तिला वाटलं, चिमणीने पान घाण केलं! पक्ष्यांनाही तसंच वाटावं, म्हणून तर हे सोंग.

(दृश्य: बरणी, पानं बदलणारे हात)

अळी आता बरणीत. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. आत छोट्या बाटलीत पाणी, त्यात डहाळी. बाटलीचं तोंड कापसाने बंद, नाहीतर अळी पाण्यात उतरते आणि बुडते. लेंड्या रोज झाडायच्या, ताजं पान रोज द्यायचं. हे काम धाकट्याकडे आहे, आणि दात घासायला दहादा सांगावं लागणारा हा पोरगा ते न सांगता करतो.

पान कुंडीतलंच हवं. बाजारातली जुडी कितीही टवटवीत दिसो, तिच्यावर फवारणी झालेली असू शकते. या घराने तसली एक जुडी आणली होती. सकाळी तीन अळ्या बरणीच्या तळाशी होत्या.

(दृश्य: हिरवी अळी, बोटाचा स्पर्श)

चार वेळा कात टाकल्यावर सोंग बदलतं. आता ती पानासारखीच हिरवी आहे. हलकेच बोट लावलं की... हे बघा! डोक्यामागून केशरी शिंगांची जोडी, आणि सोबत उग्र वास. मुंग्यांना, कोळ्यांना पळवायचा हा तिचा उपाय. धाकट्याने तो दिवसातून पंधरा वेळा करून पाहिला. मग आजी ओरडली.

संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी कोवळी पालवी फस्त करते. तिथे तिला वेचून काढतात, ते कष्ट खरे आहेत.

(दृश्य: काडीला टेकलेला कोष)

खाणं थांबतं. अळी बरणीभर फिरते, एक काडी निवडते, शेपटीशी रेशमाची गादी विणते आणि कमरेभोवती एकच धागा. गवंडी उंचावर स्वतःला दोराने बांधून घेतो ना, तसंच. कोष हिरवा होईल की तपकिरी, हे आजूबाजूच्या रंगावर बरंचसं ठरतं. बरणी कुलरच्या झोतात नको, उन्हातही नको. कोष हलवायचा नाही.

एका कोषातून फुलपाखराऐवजी, त्याला आतून खाऊन वाढलेल्या बारीक गांधीलमाशा निघाल्या. पोरांना तेही दाखवलं.

(दृश्य: पहाट, कोष उकलतो. इथे निवेदन थांबावं.)

...

(दृश्य: पंख पसरतात)

चुरगळलेल्या पंखांत अंगातला द्रव भरला जातो, ते ताठ होतात, वाळतात. तासा-दोन तासांचं काम. या वेळी हात लावला तर पंख कायमचे वाकडे. काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखावर विटकरी डाग. यापुढे आयुष्य साधारण आठवडाभराचं.

(दृश्य: गच्ची, उघडी बरणी)

ऊन चढायच्या आत बरणी उघडली. फुलपाखरू धाकट्याच्या बाहीवर क्षणभर टेकलं आणि भिंत ओलांडून गेलं. पलीकडे शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड आहे. थोरली त्यांच्याकडे विचारायला गेलीय, तुम्ही फवारणी कधी करता?