तिरंग्याची गाडी आणि टायरमधली हवा

श्रोतेहो, नमस्कार.

१६ डिसेंबर २००७ रोजी चीनमधल्या झुहाईच्या ट्रॅकवर ए-वन ग्रां प्री या मोटार शर्यतींच्या मालिकेतली मुख्य शर्यत भारताच्या संघाने जिंकली. गाडीत होता नारायण कार्तिकेयन. पुढे ४ मे २००८ ला, इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचवर, मोसमाची शेवटची मुख्य शर्यतही त्यानेच जिंकली. कौतुक त्या वेळी खूप झालं. पण या मालिकेत सगळ्या देशांची गाडी एकसारखी होती. मग एक देश दुसऱ्याच्या पुढे जायचा, तो कशाच्या जोरावर? आज त्याबद्दल बोलू.

ही मालिका दुबईच्या शेख मकतूम यांनी उभी केली. तिच्या प्रत्येक फेरीत दोन शर्यती असायच्या, एक छोटी आणि एक मुख्य. पहिली फेरी २५ सप्टेंबर २००५ रोजी ब्रँड्स हॅचला झाली आणि तिथल्या दोन्ही शर्यती ब्राझीलच्या नेल्सन पिके ज्युनिअरने जिंकल्या. फॉर्म्युला वनचा हंगाम संपत आला की हिचा सुरू व्हायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपायचा. संघ कंपनीचे नव्हते, देशांचे होते. चालकाकडे त्या देशाचा पासपोर्ट असायलाच हवा. इंजिनिअर आणि मेकॅनिक मात्र कुठलेही चालत.

गाडी लोला कंपनीची. चाकं उघडी, बसायला एकच जागा, पाठीमागे झायटेकचं ३.४ लिटरचं व्ही-एट इंजिन, ताकद सुमारे ५२० अश्वशक्ती. स्टिअरिंगवर बूस्टचं बटण. ते दाबलं की ताकद ५५० च्या आसपास जायची. सुरुवातीच्या मोसमांत छोट्या शर्यतीत ते चार वेळा आणि मुख्य शर्यतीत आठ वेळा वापरता येई.

आता ३० अश्वशक्ती म्हणजे जेमतेम सहा टक्के. हे बटण कुठे दाबायचं यात बरंच गणित आहे. हळू वळणातून बाहेर पडताना दाबलं तर उपयोग शून्य, कारण तिथे मागची चाकं आधीच घसरत असतात. आहे तीच ताकद रस्त्याला लागत नाही, वर आणखी कशाला? आणि सरळ रस्त्याच्या अगदी शेवटी दाबलं तर हवेचा अडथळा ती ताकद खाऊन टाकतो. हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सहा टक्के ताकदीने कमाल वेग वाढतो तो दोनच टक्के. योग्य जागा या दोन्हींच्या मधली. मागच्या टायरांनी पकड घेतली, चालकाचा पाय पूर्ण खाली गेला, त्या क्षणाला. पुढे सबंध सरळ रस्ता मोकळा असतो.

इंजिन उघडायचं नाही, गाडीचा आकार बदलायचा नाही. मग संघाच्या हातात काय उरतं? पुढच्या-मागच्या पंखांचा कोन, गाडीची जमिनीपासूनची उंची, स्प्रिंग, स्प्रिंगची उसळी आवरणारे डँपर, वळणात गाडीचं कलणं रोखणारा अँटी-रोल बार, चाकांचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) आणि टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली), पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी. आणि टायरमधली हवा. मला विचाराल तर एकसारख्या गाड्यांच्या शर्यतीत सर्वांत जास्त वेळ या शेवटच्या गोष्टीत लपलेला असतो, आणि प्रेक्षकाला ती दिसतही नाही.

साधा हिशेब मांडू. सकाळी गॅरेजमध्ये २० अंश तापमान आहे आणि टायरमध्ये गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या यंत्रावर, १६ पीएसआय हवा भरली. पीएसआय हे दाबाचं एकक. गाडी पळून टायर ९० अंशांवर गेला की तोच गेज २३ पीएसआयच्या जवळ जाईल. म्हणजे दर १० अंशांना साधारण एक पीएसआय. संघाला हवा असतो तो हा गरम आकडा. थंड आकडा त्यावरून उलटा काढायचा असतो. चूक कुठे होते? सकाळी दाब नेमका लावतात आणि टायर गॅरेजच्या दारात उन्हात राहतात. दुपारी ते ३५ अंशांवर आलेले असतात आणि गेजवर दीड पीएसआय जास्त दिसतो. एखादा घाईतला मेकॅनिक तेवढी हवा सोडून देतो. झालं, गरम झाल्यावर दाब दीडने कमी पडणार, टायरची बाजू जास्त दबणार, वळणात गाडी लोळल्यासारखी वागणार. म्हणून दाबाच्या शेजारी टायरचं तापमानही लिहून ठेवायचं, नुसता दाब लिहून भागत नाही. दुसरी चूक ओलाव्याची. कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याचा अंश असला तर टायर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब हिशेबापेक्षा जास्त चढतो. त्यासाठीच कोरडा नायट्रोजन भरतात.

या मालिकेतल्या पात्रता फेरीत तर हे फार बोचायचं. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग आणि प्रत्येक भागात वेगाची एकच लॅप, म्हणजे ट्रॅकला एक पूर्ण वळसा. २००७-०८ मध्ये पहिल्या दोन भागांवरून छोट्या शर्यतीतली जागा ठरे, पुढच्या दोनांवरून मुख्य शर्यतीतली. एकच लॅप म्हणजे पिटमधून, ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेतून, बाहेर पडल्यापासून ती सुरू होईपर्यंत चारही टायर कामाच्या तापमानाला आणायचे. मागचे टायर इंजिनच्या जोरावर लवकर तापतात, पुढचे मागे राहतात. मग चालक काय करतो, तर जोरात ब्रेक लावत जातो. ब्रेकच्या डिस्कची उष्णता रिममध्ये, रिममधून टायरात. नुसतं नागमोडी चालवून पृष्ठभाग तापतो, आतला भाग थंडच राहतो. आणि पहिल्या वळणावर गाडीचं नाक आत न येता सरळ निघतं.

बाहेर कधी पडायचं हाही प्रश्नच. लवकर गेलात तर ट्रॅकवर रबर बसलेलं नसतं. उशिरा गेलात तर पकड चांगली मिळते, पण समोर दुसरी गाडी येण्याची भीती, शिवाय कुणी भिंतीला धडकला आणि सगळ्यांना थांबवणारा लाल झेंडा निघाला तर तो भाग हातचा जातो.

आता पिट स्टॉप, म्हणजे शर्यतीच्या मध्येच चाकं बदलायला पिटमध्ये थांबणं. २००७-०८ ची मुख्य शर्यत सुमारे ७० मिनिटांची होती आणि तिच्यात दोन पिट स्टॉप सक्तीचे होते, तेही ठरवून दिलेल्या लॅपांच्या टप्प्यात. सगळेच त्या टप्प्यात येणार, त्यामुळे पिटच्या गल्लीत गर्दी ठरलेली. गाड्या सारख्या असताना ट्रॅकवर लॅपमागे एक दशांश सेकंद कमावणं कठीण. पिटमध्ये एक सेकंद घालवला तर तो भरून काढायला तशा दहा लॅप लागतात.

गाडी खुणेवर थांबते. पुढून आणि मागून जॅक लागतो. प्रत्येक चाकाला मधोमध एकच नट असतो. नट फिरवणारी, हवेवर चालणारी बंदूक नटावर बसते, घर्र आवाज होतो, नट सुटतो, जुनं चाक निघतं, नवं चढतं, बंदुकीची दिशा उलटी, पुन्हा घर्र, हात वर. हे सुरळीत झालं तर बघणाऱ्याला काही कळायच्या आत गाडी गेलेली असते. बिघडतं ते बहुतेक वेळा चालकाच्या थांबण्यात. गाडी अर्धा मीटर पुढे गेली की बंदूक धरून बसलेल्या माणसाला सरकावं लागतं, हवेची नळी ताणली जाते, बंदूक नटावर तिरपी बसते. तिरपा बसलेला नट आटे खातो. मग तो धड घट्ट होत नाही आणि धड सुटतही नाही. याहून वाईट म्हणजे आवाजावरून घट्ट वाटलेला सैल नट. अशी गाडी सोडली तर पुढच्या वळणापर्यंतही चाक टिकेल याची खात्री नाही. म्हणून हात वर करण्याआधी चाक आपल्या जागी नीट टेकलंय का, हे मेकॅनिकने डोळ्यांनी बघायचं असतं. कानावर भरवसा ठेवायचा नाही. जॅकवरून उतरताना क्लच घाईत सोडून इंजिन बंद पाडणं, हे चालकाचं आणखी एक नेहमीचं दुखणं.

आयोजकांकडूनही चुका व्हायच्या. नोव्हेंबर २००६ मध्ये बीजिंगच्या रस्त्यांवर ट्रॅक आखला होता. त्यातलं एक वळण इतकं अरुंद निघालं की गाड्या त्यातून वळेनात. सराव थांबवून ट्रॅक बदलावा लागला. रेसिंग गाडीची पुढची चाकं आपल्या रस्त्यावरच्या गाडीइतकी वळतच नाहीत. नकाशा काढणाऱ्याच्या हे कसं लक्षात आलं नाही, देव जाणे.

भारताकडे वळू. संघाचे चालक करुण चंधोक, अरमान इब्राहिम, पार्थिव सुरेश्वरन आणि कार्तिकेयन, हे सगळे तमिळनाडूचे. कारण सरळ आहे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाई आणि कोइमतूरचा कारी, हे ट्रॅक तिथेच. पण ए-वनची एकही फेरी भारतात झाली नाही. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ मध्ये उभा राहिला, तोवर मालिका बंद पडलेली. घरचा ट्रॅक नाही म्हणजे मागच्या वर्षीच्या नोंदींवर आणि सरावाच्या थोड्या मिनिटांवर भागवायचं. कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनचा पूर्ण मोसम खेळला होता. अशा चालकाचा फायदा नुसत्या वेगापुरता नसतो. पिटमध्ये परतल्यावर तो 'गाडी बरी नाही' एवढंच सांगून थांबत नाही. वळणात शिरताना नाक सरकतंय, मध्यावर ठीक आहे, बाहेर पडताना मागचं चाक सुटतंय, असं तुकड्यातुकड्याने सांगतो. नाक शिरतानाच सरकत असेल तर इंजिनिअर आधी ब्रेकची वाटणी आणि डँपर बघतो, मागचं चाक बाहेर पडताना सुटत असेल तर मागचा अँटी-रोल बार मऊ करतो. एवढी माहिती हातात आली की सरावाचा एकही मिनिट वाया जात नाही.

२००८-०९ साठी फेरारीची ४.५ लिटर इंजिनची नवी गाडी आली. ती वेळेवर तयार झाली नाही म्हणून इटलीतल्या मुजेल्लोची पहिली फेरी रद्द झाली आणि मोसम ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्समधल्या झँडव्हूर्टला सुरू झाला. अजिंक्यपद आयर्लंडला मिळालं. पुढच्या मोसमाची पहिली फेरी ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सर्फर्स पॅराडाइजला व्हायची होती. मालिका पैशांच्या अडचणीत सापडली, गाड्या तिथे पोहोचल्याच नाहीत आणि सगळा कारभार तिथेच थांबला.

जुन्या लोला गाड्या मात्र भंगारात गेल्या नाहीत. २०१० पासून युरोपातल्या ऑटो जीपी मालिकेत त्याच गाड्या धावू लागल्या, तेच झायटेक इंजिन पाठीशी घेऊन. २०१३ मध्ये कार्तिकेयन पुन्हा त्या गाडीत बसला आणि त्या मोसमात त्याने अनेक शर्यती जिंकल्या. ती मालिका खासगी संघांची होती, त्यामुळे या वेळी गाडीवर तिरंगा नव्हता.

नमस्कार.