त्रोमलँचं बेट आणि ठिगळांची भांडी

नमस्कार श्रोतेहो. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे 450 किलोमीटरवर, भर समुद्रात, त्रोमलँ नावाचं एक बेट आहे. लांबी पावणेदोन किलोमीटरच्या आत, रुंदी 700 मीटर आणि सगळ्यात उंच जागा जेमतेम 7 मीटर. माड नाहीत, ओढा नाही. वाळू, प्रवाळ, खुरटी झुडपं, समुद्रपक्षी आणि कासवं. कॅलेंडरवर बेट म्हटलं की वाकडा माड छापणाऱ्यांना एकदा इथे नेऊन सोडलं पाहिजे! कायमची वस्ती इथे नाही.

1722 मध्ये एका फ्रेंच जहाजाला हे बेट दिसलं. ते असो, मला सांगायचंय ते 1761 चं.

31 जुलैची रात्र. ‘ल्युतिल’ नावाचं फ्रेंच जहाज इथल्या खडकांवर आपटलं. कप्तान लाफार्ग. मनाई असताना त्यानं मादागास्करहून 160 च्या आसपास गुलाम चोरून भरले होते, मॉरिशसला विकायला. ते जहाजाच्या पोटात कोंडलेले, वरची झडप बंद. कितीतरी तिथेच बुडाले.

जे वाचले, त्यांनी फुटक्या जहाजाच्या लाकडांतून दोन महिन्यांत एक होडी बांधली. त्यात फक्त गोरे खलाशी बसले. "तुम्हाला न्यायला परत येतो," असा शब्द देऊन गेले. मागे साठ-ऐंशी मालागासी माणसं राहिली, तीन महिन्यांच्या शिध्यावर. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरनं जहाज पाठवायला साफ नकार दिला.

किती वर्षं राहिली असतील? पंधरा. नीट ऐका, पंधरा वर्षं!

29 नोव्हेंबर 1776 ला कप्तान त्रोमलँ तिथे पोचला. उरल्या होत्या सात बायका आणि आठ महिन्यांचं एक बाळ. सात बायका, एक बाळ. अंगावर पिसांची विणलेली वस्त्रं. बाळासोबत आई होती, आजीही होती. मॉरिशसला नेऊन त्यांना स्वतंत्र जाहीर केलं. बाळाचं नाव ठेवलं मोईझ.

2006 पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केलं. दीड मीटर जाड दगडी भिंती सापडल्या, वादळापासून आडोसा म्हणून रचलेल्या. आणि तांब्याची भांडी. भांडं झिजलं की तांब्याच्याच पत्र्याचं ठिगळ, त्याच पत्र्याच्या गुंडाळून केलेल्या रिबिटा, पुन्हा झिजलं की ठिगळाशेजारी दुसरं ठिगळ. आपल्याकडे तांब्याची पातेली मोडीत घालून जे काळं लेपाचं पॅन आणलंय, ते दोन दिवाळ्यासुद्धा काढत नाही. कल्हईवाल्याची हाक तर मुलांनी ऐकलेलीच नाही. असो, विषय बेटाचा.

1954 मध्ये बेटावर हवामान केंद्र आलं, चक्रीवादळांवर नजर ठेवायला. ताबा फ्रान्सचा आहे. पण मॉरिशस, म्हणजे जिथे आपली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत तो मॉरिशस, म्हणतो बेट आमचं. राहायला कुणी नाही, मालक मात्र दोन! दोघांनी मिळून कारभार पाहायचा, असा करार 2010 मध्ये झाला. फ्रान्सच्या संसदेत तो अडकला. नमस्कार.