पाटी नंतर, आधी वही

नमस्कार श्रोतेहो. मृगाला अजून अवकाश आहे, शेतातली धांदल सुरू झालेली नाही. दुरुस्तीचं, शिलाईचं, वायरिंगचं काम एकट्याच्या हिमतीवर सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय.

जिंतूर तालुक्यातल्या एका पोराची गोष्ट सांगतो. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेला. पुण्याला कंपनीत होता, आईच्या आजारपणात गावी परतला. घरचे म्हणाले, फाट्यावर गाळा घे, पाटी लाव. यानं गाळा घेतला नाही. दुकानातून एक वही घेतली आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कृषी सेवा केंद्राबाहेर जाऊन बसला. कुणी फवारणीचा पंप घेऊन आलं की विचारायचा, "मामा, काय झालं पंपाला?"

"चालंना गेलाय बघ."

मग हा पंप उघडून बघायचा आणि वहीत लिहायचा. गाव कुठलं, बिघाड काय, दुरुस्तीला किती गेले, फवारणी किती दिवस खोळंबली.

खरीपभर हेच चाललं. वही भरली तेव्हा दिसलं काय? मोटार जळालेले पंप थोडेच. कुठं जाळी तुंबलेली, कुठं प्रेशर स्विच गेलेला. आणि निम्म्याहून जास्त पंपांची बॅटरी बसलेली! फवारणी संपली की पंप जातो माळ्यावर, तो पुढच्या आषाढातच खाली येतो. ती 12 व्होल्टची शिशाची बॅटरी. महिनोन्‌महिने चार्जिंगविना पडली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर चढतो, मग ती चार्ज धरत नाही.

पोरानं तिथं धंदा ओळखला. आता वैशाखात, पंपाची कुणाला आठवणही नसते तेव्हा, तो मोटारसायकलवर मीटर अन् चार्जर घेऊन घरोघर जातो. बॅटरी तपासतो, जाळी धुतो, वायसर बदलतो. दर ठरलेला, अन् वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला. पहिल्या वर्षी एक म्हातारे म्हणाले, "लेकरा, तू घरचाच. काय द्यायचं ते बघू नंतर." त्यानं ते पान पुढं केलं. "आबा, तुम्हाला अन् पाटलाला एकच दर हाय." आबांनी पैसे तर दिलेच, वर भावकीतले चार पंप आणून त्याच्यापुढं ठेवले. मला त्या पोराचा फार अभिमान वाटतो.

    

तर पुन्हा सांगतो, आधी वही, मग पाटी. गिऱ्हाईकाचं काय अडतंय आणि कोणत्या महिन्यात अडतंय, ते लिहून काढा. दर ठरवताना पेट्रोल धरा, जाण्यायेण्याचा वेळही धरा. एकट्या माणसाचा अर्धा दिवस रस्त्यातच जातो आणि तो हिशोबात कुणी घेत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकावर होते आणि ती मोफत आहे. मोफत आहे, नोंदणीची फी म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. अवजारांसाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पण कर्जाचं बोलणं वही भरल्यावर. धंद्याचं खातं वेगळं उघडा, किराणा त्यातून भरू नका.

आणि बाजारात जाल तेव्हा सकाळी जा. दुपारनंतर लोकांना एसटी गाठायची असते, तुमच्याशी बोलायला कुणी थांबत नाही. नमस्कार.