गाणे पोहोचले, तेव्हा बँड उरला नव्हता

आधी बेस गिटारवर काही स्वरांची एक छोटी सुरावट येते, तिच्यावर एक टाळी पडते आणि टाळीला लागूनच कोणीतरी सोडलेला लांब श्वास ऐकू येतो. एवढ्या मोजक्या सामग्रीवर ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गाणे उभे राहते. 1969 च्या मार्च महिन्यात ते अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले, तर ‘कॅशबॉक्स’च्या यादीत पहिल्या. ज्या ब्रिटिश बँडने ते गायले आणि वाजवले, तो ‘दि झॉम्बीज’ मोडून तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. त्यांच्यात गुणांची वाण नव्हती आणि आपसात हाडवैरही नव्हते. मग हा बँड का मोडला, हे समजून घ्यायचे असेल तर लंडनच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या सेंट ऑल्बन्स या गावापर्यंत मागे जावे लागते.

सेंट ऑल्बन्स हे रोमन काळापासून नांदते गाव. तेथील भव्य कॅथीड्रलच्या गायकवृंदात रॉड अर्जेंट हा मुलगा लहानपणी गात असे. चर्चमधील अनेक आवाजांची ती एकमेकांत गुंफलेली गायकी त्याच्या कानात मुरली आणि पुढे झॉम्बीजच्या गाण्यांत ती जागोजागी उमटली. 1961 च्या ईस्टरच्या सुमारास अर्जेंट यांनी बँड काढायचे ठरवले. त्यांच्याच शाळेतील पॉल ॲटकिन्सन गिटारसाठी आणि ह्यू ग्रंडी ड्रमसाठी आले. पॉल अर्नोल्ड हा दुसऱ्या शाळेतील मुलगा बेस वाजवणार होता आणि त्याने आपल्या वर्गातील कॉलिन ब्लनस्टोन यांना सोबत आणले. ‘ब्लॅकस्मिथ्स आर्म्स’ या पबबाहेर ही मुले पहिल्यांदा भेटली, तेव्हा रग्बी खेळताना नाक मोडल्यामुळे ब्लनस्टोन यांच्या चेहऱ्यावर पट्टी होती.

ठरले होते ते असे की, ब्लनस्टोन यांनी गिटार वाजवावी आणि गाण्याची बाजू अर्जेंट यांनी सांभाळावी. तालमीच्या वेळी मात्र ब्लनस्टोन सहज काहीतरी गुणगुणले आणि अर्जेंट यांनी तिथल्या पियानोवर बोटे फिरवली, आणि दोघांच्याही लक्षात आले की कामाची वाटणी उलटी झाली आहे. ती बदलली गेली. ब्लनस्टोन यांच्या आवाजात वाऱ्यासारखी एक हलकी खरखर आहे, आणि हा आवाज गिटारीमागे राहिला असता तर पुढचे काहीच घडले नसते. पुढे अर्नोल्ड वैद्यकीय शिक्षणाकडे वळले आणि त्यांच्या जागी क्रिस व्हाइट आले. अर्जेंट आणि व्हाइट हे दोघेही गाणी रचत. ही गोष्ट तेव्हा केवळ सोयीची वाटली असावी. बँडच्या शेवटाशी तिचा किती जवळचा संबंध आहे, ते पुढे येईल.

त्या काळी इंग्लंडमध्ये गावोगावी बीट ग्रुप होते. दोन-तीन गिटार, एक ड्रमसंच, मिळून गाणारे कोवळे आवाज आणि नाचायला भाग पाडणारा ठाशीव ठेका, असा त्यांचा साधा संसार असे. 1963 मध्ये लिव्हरपूलच्या बीटल्सनी देश जिंकल्यावर प्रत्येक रेकॉर्ड कंपनी अशा मुलांच्या शोधात होती. 1964 मध्ये वॉटफर्डच्या टाउन हॉलमध्ये हर्टफर्डशरमधील बीट ग्रुपांची स्पर्धा झाली. झॉम्बीज ती जिंकले आणि डेका कंपनीशी त्यांचा करार झाला. इतर बँडांहून त्यांचे वेगळेपण ऐकताक्षणी जाणवे, कारण त्यांच्या संगीताच्या केंद्रस्थानी गिटार नसून अर्जेंट यांचा होनर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो होता, आणि त्यांची बरीच गाणी मायनर स्वरपट्टीत, म्हणजे कोमल गंधाराच्या उदास छायेत फिरत.

निर्माते केन जोन्स यांनी ध्वनिमुद्रणाच्या आधी, हवे तर स्वतःचे एखादे गाणे लिहून आणा, असे मुलांना सहज सुचवले. अर्जेंट यांनी ते मनावर घेतले आणि ‘शीज नॉट देअर’ हे गाणे रचले. जून 1964 मध्ये डेकाच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधील स्टुडिओत ते मुद्रित झाले. त्या रात्री मुख्य ध्वनिमुद्रक दारूच्या अमलाखाली होता. त्याला अक्षरशः उचलून टॅक्सीत बसवावे लागले आणि उरलेले काम गस डजन नावाच्या तरुण साहाय्यकाच्या अंगावर पडले. पुढे डेव्हिड बोवी आणि एल्टन जॉन यांच्या ध्वनिमुद्रिकांचे निर्माते म्हणून नावारूपाला आलेले डजन ते हेच.

गाणे ब्रिटनमध्ये बाराव्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी बीबीसीच्या ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ या कार्यक्रमात त्याची स्तुती केली. वृत्तपत्रांना मात्र संगीतापेक्षा या मुलांची गुणपत्रिका अधिक आकर्षक वाटली. पाच जणांच्या मिळून पन्नास विषयांच्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्याची जाहिरात झाली, दोघांच्या डोळ्यांवर चष्मे होतेच, आणि त्यामुळे अभ्यासू, सभ्य मुलांचा बँड अशी त्यांची ओळख चिकटली. रोलिंग स्टोन्सच्या बेदरकारपणावर तरुणाई फिदा असण्याच्या त्या दिवसांत या ओळखीने त्यांचे नुकसानच केले, असे मला वाटते.

1964 च्या नाताळात ते न्यूयॉर्कला उतरले. ब्रुकलिनमधील फॉक्स थिएटरमध्ये मरे द के या लोकप्रिय रेडिओ निवेदकाचा नाताळचा जलसा दिवसातून अनेक वेळा होत असे. ज्या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांच्या तबकड्या ऐकत ही मुले वाढली होती, त्यांच्यापैकी कित्येक जण त्याच रंगमंचावर होते. 1965 च्या सुरुवातीला ‘टेल हर नो’ अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेले, पण मायदेशी ते बेचाळिसाव्याच्या पुढे सरकले नाही.

त्यानंतर घसरण सुरू झाली. एकामागून एक तबकड्या आल्या आणि विरून गेल्या. पहिल्या यशाचा साचा पुन्हा पुन्हा वापरण्याकडे निर्मात्याचा कल होता आणि ध्वनिमिश्रणात बँडला काही बोलायला वाव नव्हता. अर्जेंट आणि व्हाइट यांना डोक्यात ऐकू येणारे गाणे आणि तबकडीवर उतरणारे गाणे, यांत अंतर पडत चालले. खेदाची गोष्ट अशी की त्यांची गाणी इतरत्र फुलत होती. व्हाइट यांचे ‘आय लव्ह यू’ हे गाणे झॉम्बीजच्या तबकडीच्या मागच्या बाजूला पडून राहिले, पण 1967 मध्ये जपानमधील कार्नाबीट्स या बँडने ते जपानी भाषेत गाऊन गाजवले, आणि पुढच्या वर्षी ‘पीपल’ नावाच्या कॅलिफोर्नियातील बँडने ते अमेरिकेत पहिल्या विसांत नेले.

1967 मध्ये त्यांना फिलिपाइन्सचे बोलावणे आले. एखाद्या हॉटेलात वाजवायचे असेल अशा समजुतीने गेलेल्या या पाच जणांसमोर मनिलाच्या अरानेटा कोलिझियममध्ये हजारोंचा जमाव उभा होता. तिथे त्यांची गाणी लोकांना तोंडपाठ होती. रात्रीमागून रात्री ते प्रचंड सभागृह भरत होते आणि बँडच्या हाती येत होती अगदी तुटपुंजी रक्कम. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपण इतके प्रसिद्ध आहोत, हे त्यांना तिथे पाऊल ठेवेपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते. झॉम्बीजच्या कारकिर्दीचे वर्म मला या प्रसंगात दिसते, कारण गाणे जिथे पोहोचले होते तिथून ना बातमी परत येत होती ना पैसा.

परतल्यावर त्यांनी एक निश्चय केला. आपल्याला हवा तसा, आपणच निर्मिलेला एक अल्बम तरी मागे ठेवायचा. सीबीएस कंपनीने त्यासाठी एक हजार पौंड दिले. जून 1967 मध्ये ते ॲबी रोड येथील ईएमआयच्या स्टुडिओत शिरले. काही आठवड्यांपूर्वीच बीटल्सनी तिथे ‘सार्जंट पेपर’ पूर्ण केला होता, आणि जॉन लेनन यांचे मेलोट्रॉन हे वाद्य अजून तिथेच होते. प्रत्येक कळीमागे तंतुवाद्यांचे किंवा बासरीचे मुद्रित सूर असलेली एकेक टेप, अशी मेलोट्रॉनची रचना असते. वाद्यवृंद बोलावण्याइतका पैसा नसलेल्या झॉम्बीजसाठी ते वाद्य हाच वाद्यवृंद ठरला. स्टुडिओचे भाडे तासावर होते, त्यामुळे तालमी आधीच घोटून यायचे आणि आत शिरताच मुद्रण उरकायचे, असा शिरस्ता होता.

या अल्बममधील ‘केअर ऑफ सेल 44’ हे गाणे ऐकताना प्रथम ते आनंदी प्रेमपत्र वाटते, आणि मग लक्षात येते की पत्र लिहिले आहे ते तुरुंगातून सुटून येणाऱ्या व्यक्तीला. ‘बुचर्स टेल’ हे व्हाइट यांचे गाणे पहिल्या महायुद्धात खंदकात अडकलेल्या एका खाटिकाचे मनोगत आहे. ते व्हाइट यांनी स्वतःच्या थरथरत्या आवाजात गायले असून साथीला प्रामुख्याने पायाने भाता चालवायचा जुना ऑर्गन आहे. आपल्या संगीत नाटकांच्या रंगमंचाखाली ज्या ऑर्गनने नाट्यपदांना साथ दिली, त्याच कुळातील हे वाद्य. मराठी श्रोत्याच्या कानाला तो सूर घरचा वाटेल, पण इथे तो घुसमटलेला आणि भयाण लागतो.

‘टाइम ऑफ द सीझन’ शेवटी-शेवटी रचले गेले. गाणे इतके ताजे होते की ब्लनस्टोन यांना त्याची चाल नीट बसलेली नव्हती, आणि काचेपलीकडून अर्जेंट एकेक जागा दुरुस्त करत होते. घड्याळ पुढे सरकत होते. वैतागून ब्लनस्टोन यांनी, तुला इतके येते तर तूच येऊन गा, अशा अर्थाचे सुनावले. मुख्य गायक तू आहेस, तूच गायचेस, असे उत्तर आले. प्रेमाच्या ऋतूचे ते शांत, मखमली गाणे असे भांडणाच्या तापलेल्या हवेत मुद्रित झाले आहे. त्या आवाजात कुठेही कडवटपणा नाही, आणि ब्लनस्टोन किती मोठे गायक आहेत याची साक्ष द्यायला मला एवढे पुरेसे वाटते.

अल्बमच्या मुखपृष्ठाकडे आता जवळून पाहू. निळ्या-जांभळ्या रंगांत गुंतलेली पाने, फुले आणि चेहरे, आणि वर वळणदार अक्षरांत ‘ओडिसी अँड ऑरॅकल’ हे नाव. चित्रकार टेरी क्वर्क हे व्हाइट यांच्याच घरात राहणारे मित्र. ‘ओडिसी’ हा शब्द रंगवताना त्यांच्या हातून ‘वाय’ या अक्षराच्या जागी ‘ई’ पडले. चूक लक्षात आली तेव्हा बदल करायला वेळ उरला नव्हता, म्हणून ती मुद्दाम केलेली शब्दांची कोटी असल्याचे अनेक वर्षे सांगितले गेले.

कंपनीला स्टिरिओ आवृत्तीही हवी होती आणि अंदाजपत्रक संपले होते. अर्जेंट आणि व्हाइट यांनी आपल्या गीतलेखनाच्या मानधनातून तो खर्च भागवला, आणि बँड का मोडला याचे उत्तरही त्या मानधनातच आहे. गीतकाराला तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे आणि रेडिओवरील प्रत्येक प्रसारणामागे हक्काचे पैसे मिळतात. त्यामुळे या दोघांचे निभावत होते. ब्लनस्टोन, ॲटकिन्सन आणि ग्रंडी यांची भिस्त कार्यक्रमांच्या बिदागीवर होती, आणि कार्यक्रम आटत चालले होते. तीन वर्षे अखंड फिरूनही खिसा रिकामा होता. नोव्हेंबर 1967 मध्ये ‘केअर ऑफ सेल 44’ प्रसिद्ध झाले आणि कोणाच्याही कानी न पडता विरले. डिसेंबरमध्ये कील विद्यापीठात शेवटचा कार्यक्रम करून हे पाच जण पांगले. अल्बम दुकानांत आला एप्रिल 1968 मध्ये, आणि ब्लनस्टोन तोवर एका विमा कंपनीत नोकरीला लागले.

अमेरिकेत तो अल्बम प्रसिद्ध होण्याची चिन्हे नव्हती. संगीतकार अल कूपर त्या सुमारास सीबीएसच्याच कोलंबिया या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीत रुजू झाले होते. लंडनहून परतताना त्यांनी तबकड्यांचा गठ्ठा आणला आणि त्यातील या एका तबकडीने त्यांना झपाटले. कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांच्याकडे त्यांनी ती लावून धरली, तेव्हा कुठे ‘डेट’ या छोट्या उपकंपनीच्या नावाखाली ती निघाली. आधी ‘बुचर्स टेल’ बाजारात आणले गेले आणि ते चालले नाही. ‘टाइम ऑफ द सीझन’ एकेका रेडिओ केंद्रावरून हळूहळू पसरत गेले आणि वर्षभराने शिखरावर पोहोचले. मायदेशातील यादीत ते तेव्हाही आले नाही.

मोठ्या रकमांची आमिषे दाखवली गेली, तरी बँड पुन्हा एकत्र आला नाही. अर्जेंट आणि व्हाइट नव्या बँडच्या उभारणीत गुंतले होते. अर्जेंट यांच्याच नावाच्या त्या बँडचे ‘होल्ड युअर हेड अप’ 1972 मध्ये अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर पाचव्या क्रमांकावर गेले. मोकळ्या जागेत मात्र तोतये घुसले. 1969 मध्ये अमेरिकेत झॉम्बीज नाव लावणारे खोटे बँड कार्यक्रम करत फिरू लागले, आणि त्यांपैकी एकात पुढे ‘झीझी टॉप’ या अमेरिकी रॉक बँडमुळे प्रसिद्ध झालेले डस्टी हिल आणि फ्रँक बेअर्ड हे दोघे होते. खरा गायक त्याच वर्षी नील मॅकआर्थर हे टोपणनाव घेऊन ‘शीज नॉट देअर’ नव्याने गात होता.

अल्बमची कीर्ती पुढच्या दशकांत कानोकानी वाढली. तरुण संगीतकारांनी तो एकमेकांना ऐकवला, आणि 2003 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ 500 अल्बमांत त्याला ऐंशिवे स्थान दिले. अर्जेंट आणि ब्लनस्टोन या शतकाच्या आरंभी पुन्हा एकत्र गाऊ लागले. ॲटकिन्सन यांनी रेकॉर्ड कंपन्यांत नव्या कलावंतांना पुढे आणण्याचे काम आयुष्यभर केले आणि एप्रिल 2004 मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेल्या चौघांनी मार्च 2008 मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायरमध्ये हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सादर केला. तो तयार झाल्यापासून चाळीस वर्षांत श्रोत्यांसमोर सलग असा एकदाही वाजला नव्हता.

29 मार्च 2019 रोजी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झॉम्बीजचा समावेश झाला. सोहळा ब्रुकलिनमध्ये होता. ज्या फॉक्स थिएटरात 1964 च्या नाताळात त्यांनी अमेरिकेतील पहिला कार्यक्रम केला, ते केव्हाच पाडले गेले आहे. त्या जागेपासून थोड्याच अंतरावर, बार्कलेज सेंटरच्या रंगमंचावर अर्जेंट, ब्लनस्टोन, व्हाइट आणि ग्रंडी एकत्र उभे राहिले. बेसची तीच छोटी सुरावट सुरू झाली, तिच्यावर टाळी पडली, आणि ब्लनस्टोन गाऊ लागले.