उंबरठ्यावर अडलेले व्होल्टेज

फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलने ‘प्रेस्कॉट’ या सांकेतिक नावाचा पेंटियम ४ हा संगणकाचा प्रोसेसर बाजारात आणला. नखाएवढ्या, ११२ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनवर साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म खटके, बसवले होते. त्याच वर्षी आलेल्या ३.८ गिगाहर्ट्झच्या आवृत्तीतून निघणारी सुमारे ११५ वॅट उष्णता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १०० वॅट, पंख्याने बाहेर काढावी लागे. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ दीड-दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथे हाच आकडा पाच-सहा वॅटच भरतो.

खरे तर असे व्हायला नको होते. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टरची मापे ज्या प्रमाणात घटवाल त्याच प्रमाणात व्होल्टेजही घटवले, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवून आणि ते अधिक वेगाने चालवूनही उष्णता वाढत नाही. प्रत्येक उघडझापीला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सारी किमया त्या वर्गाची होती.

मात्र व्होल्टेज उतरवताना ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो तो उंबरठाही खाली आणावा लागतो, आणि नेमके तिथेच घोडे अडले. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये सामान्य तापमानाला, बंद असतानाही गळणारा प्रवाह दहापट कमी करायला गेटवरचे, म्हणजे खटका चालू-बंद करणाऱ्या टोकावरचे व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्टने उतरवावे लागते. म्हणून उंबरठा तेवढाच खाली आणला, की बंद ट्रान्झिस्टरमधली गळती दहापट होते. ही मर्यादा निसर्गनियमाची आहे, कितीही कुशल कारखान्याला ती ओलांडता येत नाही. त्यात प्रेस्कॉटच्या पिढीत गेटखालचा ऑक्साइडचा वीजरोधक थर १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या जाडीवर आला होता, आणि इलेक्ट्रॉन त्यातूनही आरपार जात. चिप तापली की गळती वाढते आणि गळती वाढली की चिप आणखी तापते.

इंटेलने मे २००४ मध्ये पुढचा प्रोसेसर सोडून दिला. त्याचे नाव, मराठी कानाला गंमत वाटावी असे, ‘तेजस’ होते. ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा बेतही रद्द झाला आणि एका चिपवर दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे दोन विभाग, बसवण्याचा मार्ग धरला गेला. पुढे २००७ मध्ये गेटखालच्या हाफ्नियमयुक्त थराने आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या उभ्या पात्यांच्या रचनेने गळतीला बराच आवर घातला, पण व्होल्टेज पूर्वीच्या गतीने उतरले नाही.

त्यामुळे आजच्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असले, तरी ते सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवणे परवडत नाही. फोनवर व्हिडिओ पाहताना चित्रे उलगडण्याचे काम त्यासाठीच घडवलेला एक छोटा विभाग करत असतो, आणि मोठ्या कोअरचा वीजपुरवठा शक्य तेवढा वेळ तोडलेला असतो.