दवाखाना गाठेपर्यंत काय पाजाल?

श्रोतेहो, राम राम.

पावसाळा तोंडावर आला आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर लोक झिऱ्यातून वाटी-वाटीनं पाणी भरतायत. खाली सपाटीवर कितीतरी गावांत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि आला की घरोघरी मोटरी लागतात. मोटर रिकाम्या नळीतून पाणी ओढते, तेव्हा फुटक्या जोडातून शेजारच्या गटारीचंही ओढते. मग पहिला जोराचा पाऊस होतो आणि कुठल्यातरी तालुक्यातून जुलाब-उलट्यांची बातमी येते. पाणी उकळा, विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पूड, टाका, हे तुम्ही पुष्कळ ऐकलंय, आणि ते खरंच आहे. आज मला बोलायचंय ते माणूस आजारी पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांबद्दल.

पटकी, म्हणजे कॉलरा, माणसाला मारते ती अंगातलं पाणी काढून घेऊन. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले की धडधाकट माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं. दुपारी निंदणीला असलेली बाई संध्याकाळी ओळखू येत नाही: डोळे खोल, आवाज बसलेला, पोटऱ्यांत गोळे, लघवी बंद. असा जोराचा कॉलरा झाला आणि उपचार मिळाला नाही, तर दोनांतला एक दगावू शकतो. वेळेवर उपचार मिळाला तर शंभरात एकही जात नाही. आणि उपचार काय, तर मीठ, साखर, पाणी. म्हणून कॉलऱ्यानं माणूस गेला की मी आधी विचारतो, पहिला जुलाब किती वाजता झाला आणि पहिला घोट किती वाजता पोटात गेला?

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथं पोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर दाटीवाटीनं पडलेले होते आणि सलाईन संपत आलं होतं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात घालून पिंपं भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाईकांनाच पाजायला सांगितलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. आई, भाऊ, शेजारी होते. जिथं शंभरातले तीसेक मरत होते, तिथं मृत्यू चारच्याही खाली आले. डॉक्टरसाहेब २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. उशीर झाला, असं मला वाटतं.

हे घडतं कसं? जंतूच्या विषानं आतडं पाणी सोडत राहतं, पण साखर आत घेण्याचं त्याचं काम चालूच असतं. साखर आत जाताना मिठाला सोबत नेते, आणि मिठामागून पाणी जातं. नुसतं पाणी पाजून हे साधत नाही. साखर कमी-जास्त झाली तरी बिघडतं, म्हणून ओआरएसच्या, म्हणजे याच मीठ-साखरेच्या तयार पुडीच्या, पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. लहान पाकीट आणि लिटरचं पाकीट वेगळं असतं, तिथं घोटाळा होतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड पेयं नकोत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी घातली, पण ती पेयं म्हणजेच ओआरएस, हा जुना समज इतक्यात कुठला जातोय!

"पाजीसन काय उपेग, सम्दं उलटी व्हई जास," असं घरची माय म्हणते. उपयोग आहे. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करा. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्या माणसाला मागेल तेवढं. अंगावरचं दूध चालू ठेवा. जुलाब बांधायची गोळी देऊ नका.

दहातल्या आठ रुग्णांना एवढंच पुरतं. उरलेल्या दोघांना शिरेतून पाणी लागतं आणि त्यांना दवाखाना गाठावाच लागतो. इथं आपल्याकडे एक खोड आहे. गल्लीतल्या कुणाकडून तरी एक बाटली लावून घ्यायची आणि बरं वाटेल म्हणून घरी निजायचं. हिशोब करा. पन्नास किलोचा माणूस पूर्ण सुकला असेल तर त्याला तीन तासांत पाच लिटर रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन लागतं आणि त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. म्हणजे एकूण अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या. एका बाटलीत काय भागणार? तीही नुसत्या ग्लुकोजची असेल तर तिचा या आजारात उपयोग नाही. त्या बाटलीपायी पैसे जातात, आणि पैशापेक्षा महाग असे दोन-तीन तास जातात.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या श्रोत्यांना मी १०८ ला फोन करा म्हणालो तर ते हसतील. रेंज टेकडीवर चढल्यावर येते आणि गाडी रस्ता संपतो तिथं थांबते. तिथवर बांबूची झोळी. म्हणून माझं सांगणं एवढंच, की झोळी बांधायच्या आधी पाजायला सुरुवात करा आणि झोळीसोबत पाण्याचा कॅन घेऊन एक माणूस चालू द्या. शुद्धीत असलेल्या रुग्णाला वाटेत थांबून थांबून पाजा. नाल्याला पूर असेल तर काठावर बसूनही पाजत राहा.

पाकिटं आशाताईकडे असतात. पण आशाताई एका पाड्यावर, आणि डोंगर ओलांडून दुसरे चार पाडे. पावसाळ्याआधी प्रत्येक पाड्यावर एका घरी पाकिटं ठेवायला तिला सांगा. कुणाचंही घर चालेल, रात्री दार उघडणारा हवा. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत झोपड्या टाकून राहणाऱ्या मजुरांची नावं गावच्या आशाच्या वहीत बहुधा नसतात. मजूर आजारी पडला तर मुकादम त्याला गावी परत पाठवू पाहतो. तसं करू नका. आठ तासांच्या एसटीत तो माणूस जगेलच असं नाही, आणि त्याच्यासोबत आजारही प्रवास करतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारापर्यंत काही पैसे लागत नाहीत. त्याचं गाव कुठलं हे विचारून कुणी परत पाठवू शकत नाही.

राहिली बातमीची गोष्ट. गावाची बदनामी होईल, यात्रा बंद पडेल, पाहुणे येणार नाहीत, म्हणून जुलाबाची साथ दडवली जाते. कधी गाव दडवतं, कधी खुर्चीवरचेही. एकाच वस्तीत दोन-चार मोठ्या माणसांना एकदम पाण्यासारखे जुलाब झाले तर त्याच दिवशी उपकेंद्राला कळवा. नमुना तपासून कॉलरा ठरायला दिवस लागतात. पाकिटं, सलाईन आणि माणसं वस्तीवर यायला त्या अहवालाची गरज नाही, आणि कुणी अहवाल येऊ द्या म्हणालं तर सरळ तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा.