पट्ट्याचे दुसरे टोक

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली एक रहिवासी आपल्या लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये उभा होता. मूल कुत्र्याला घाबरते, तेव्हा जरा थांबा, अशी विनंती त्याने दारात आलेल्या कुत्र्याच्या मालकाला केली. मालकाने ती मानली नाही, कुत्र्याला ओढत आत आणले आणि कुत्रा त्या रहिवाशाच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांच्या सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली. कुत्रा हस्की जातीचा होता. ही जात कृपया लक्षात ठेवावी.

या दोन तारखांच्या मध्ये, १२ मार्च २०२४ रोजी, केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने सर्व राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, टोसा अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास, तसेच आधीपासून घरात असलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करून घेण्यास सांगितले. त्या यादीत हस्की नव्हता. ‘टेरियर’ हा शब्द मात्र सरसकट होता, म्हणजे मांडीवर मावणारे टेरियरही त्यात आले! संबंधितांचे म्हणणे न ऐकताच हे पत्र काढले, या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवले.

यादीमागची भीती खोटी नव्हती, हेही मान्य करायला हवे. २०२२ मध्ये लखनौला घरातल्याच पिटबुलने मालकाच्या वृद्ध आईचा जीव घेतला. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याचा चावा आणि पॉमेरियनचा चावा सारखा नसतो, आणि असे जनावर दोन खोल्यांच्या घरात केवळ रुबाबासाठी आणणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. परंतु यादी कुत्र्याचे रूप पाहते. त्याला दिवसभर गॅलरीत बांधून कोण ठेवतो, अंगावर जाण्याची सवय कोण लावतो, हे तिला दिसत नाही.

ब्रिटनचा अनुभव पाहावा. तिथे १९९१ च्या कायद्याने चार जातींवर बंदी घातली. पुढे त्या चौघांत न बसणारा एक्सएल बुली लोकप्रिय झाला, हल्ले वाढले आणि यादी वाढवावी लागली. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो पाळणे गुन्हा ठरले. नेदरलँड्सने तर पिटबुलवरची बंदी २००८ मध्ये मागे घेतली. ब्रिटनच्या त्याच कायद्यातले एक कलम मात्र जात विचारतच नाही: कुत्रा धोकादायकरीत्या आवरेनासा झाला, तर मालक गुन्हेगार.

आपल्याकडेही असे कलम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माझ्या मते उणीव कलमाची नाही, ते वेळेवर वापरण्याची आहे. वरळीच्या खटल्याला सात वर्षे लागली. परवाना, रेबीजची लस, गर्दीत मुसके आणि आखूड पट्टा यांची विचारणाही बहुधा कुणी चावल्यानंतरच होते.

आणि त्या मालकाकडून त्या दिवशी मागितले होते ते एवढेच, की लिफ्ट रिकामी होऊन परत येईपर्यंत कुत्र्याला घेऊन बाहेर उभे राहावे.